साक्ष, साखी, साकी

पंडिता रमाबाईंनी १९०७ च्या सुमारास आपल्या आयुष्याची एक लहानशी हकीकत लिहिली. तिचे मराठी नाव 'माझी साक्ष'. नाव इतके सरळ आहे की नजर त्यावरून घसरून पुढच्या पानावर जाते. माझीही अनेक वर्षे तशीच जात होती. ती अडली केडगावात.

केडगाव दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावर. रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. तिथल्या एका रविवारी उपासना संपत आली तेव्हा एक वयस्कर बाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मला साक्ष द्यायची आहे." मग आजारपण, कर्ज, मुलीचे शिक्षण, सगळे पाचसात मिनिटांत सांगून त्या खाली बसल्या. समोर न्यायाधीश नव्हता, आरोपी नव्हता, उलटतपासणी नव्हती. मराठी ख्रिस्ती समाजात हे नित्याचे आहे. मला मात्र प्रश्न पडला की हा शब्द कोर्टातून देवळात आला, की दोन्हीकडे तो तिसरीकडूनच आला असावा?

आधी व्याकरणाचे एक कोडे सोडवू. संस्कृतात 'साक्षिन्' म्हणजे माणूस, प्रत्यक्ष पाहणारा. तो जे सांगतो ते 'साक्ष्य', नपुंसकलिंगी. मराठीत 'साक्ष' स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग गेले कुठे? 'साक्ष्य'मधला 'य' गळाला आणि लिंग बदलले, असे म्हणता येईल. पण मला दुसरी वाट अधिक पटते. 'देवाच्या साक्षीने', 'पाच जणांच्या साक्षीने' अशी रूपे आपण सतत वापरतो. इथला 'साक्षी' मुळात कर्ता असावा. पुढे बोलणाऱ्याला तो भिंत–भिंतीने, रीत–रीतीने या चालीचा वाटू लागला, म्हणजे कुठल्यातरी स्त्रीलिंगी 'साक्ष' शब्दाचे सामान्यरूप. आणि मग ती 'साक्ष' मागाहून घडवली गेली. वाचकांनी जुन्या पोथ्यांत पडताळून पाहावे.

याचा परिणाम मोठा मजेचा झाला. माणूस दाखवणारा शब्द कृतीकडे गेला आणि माणूस निनावी राहिला. आज 'साक्षी झाल्या' म्हटले तर जबाब झाले असा अर्थ होतो, आणि नुसते 'साक्षी' म्हटले तर शेजारची मुलगी डोळ्यांपुढे येते. मग पाहणाऱ्या माणसासाठी फारसीकडून 'दार' उसने आणावे लागले: साक्षीदार. जमीनदार जमीन धरतो, ठाणेदार ठाणे धरतो, तसा हा साक्ष धरणारा. संस्कृतातला साक्षी स्वतःच डोळा होता. साक्षीदाराजवळ साक्ष असते, आणि जवळ असलेली वस्तू विकता येते, फिरवता येते. 'साक्ष फिरवली' हा वाक्प्रचार 'दार' लागल्यानंतरच शक्य झाला असावा, असे मला वाटते. कोर्टातला 'माफीचा साक्षीदार' तर चार ठिकाणांहून आलेला आहे: माफी अरबी, 'चा' मराठी, साक्षी संस्कृत, दार फारसी. आणि जो उलटतो तो 'फितूर'. अरबीत 'फुतूर' म्हणजे शिथिलता, ढिलेपणा. मराठीने त्या ढिलेपणाचा द्रोह केला.

'साक्षिन्' हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्रच दिले आहे. साक्षात् पाहणारा, तो साक्षी. 'साक्षात्' मध्ये 'स' आणि 'अक्ष' आहेत, म्हणजे डोळ्यांसह. हा अक्ष, अक्षि, फार जुन्या घराण्यातला. लॅटिनमधला 'ऑक्युलस' आणि इंग्रजी 'आय' त्याचेच भाऊबंद. मराठीत 'डोळा' या शब्दाने अक्षीला रोजच्या बोलण्यातून घालवून दिले, पण समासांत ती टिकून राहिली. प्रत्यक्ष, समक्ष, परोक्ष. वरून लक्ष ठेवतो तो अध्यक्ष. बैलाच्या डोळ्यासारखी खिडकी ती गवाक्ष. 'माझ्या अपरोक्ष त्याने असे केले' हे वाक्य आपण सगळे बोलतो आणि उलटे बोलतो, कारण अपरोक्ष म्हणजे परोक्ष नसलेले, डोळ्यांदेखतचे. ही चूक आता इतकी रुळली आहे की तिला चूक म्हणण्यात अर्थ राहिलेला नाही. पण पाठीमागे घडलेले आणि समोर घडलेले यांची अदलाबदल ज्या भाषेत खपून जाते, तिथे साक्षीदाराचे काम अवघड आहे.

याच वाटेवर एक चकवाही आहे. साक्ष आणि साक्षर हे शब्द जवळचे वाटतात. पण साक्षर म्हणजे अक्षरासह, आणि अक्षर म्हणजे न झिजणारे, 'क्षर्' धातूवरून. डोळ्याशी त्याचे नाते नाही. तरीही केडगावच्या इतिहासात हे दोन शब्द एकाच छपराखाली राहिलेले आहेत. त्याकडे शेवटी येतो.

आता हा साक्षी तत्त्वज्ञानात कसा वागतो ते पाहू. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाची लक्षणे येतात, तिथे साक्षित्वाच्या जोडीला मध्यस्थपण आणि अकर्तेपण आहे. उपनिषदांतल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. हा पाहणारा पुढे वेदान्तात साक्षिचैतन्य झाला. तो पाहतो, पण बोलत नाही, हलत नाही, कुणाची बाजू घेत नाही. तो 'उदासीन' आहे. हा शब्दही फोडून पाहण्यासारखा आहे. उद् आणि आसीन, म्हणजे वेगळा, अलग बसलेला. आज आपण उदासीनचा अर्थ खिन्न किंवा बेफिकीर असा करतो. मुळात तो बसण्याच्या जागेचा शब्द दिसतो. ही जागा लक्षात ठेवावी, कारण बसण्याचा आणखी एक धातू पुढे येणार आहे, तो अरबी.

या पार्श्वभूमीवर 'माझी साक्ष' पुन्हा वाचावे. वेदान्तातल्या साक्षीला 'माझे' असे काही नसते. 'माझे' सुटले की साक्षी उरतो, असे तिथले गणित. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या मुलीला ते गणित तोंडपाठ असणार; गावोगाव पुराण सांगत तिचे बालपण आणि तारुण्य गेले. तिने नेमका उलटा शब्दबंध केला. साक्षीला 'माझी' जोडले. दुष्काळात डोळ्यांदेखत गेलेले आई-वडील, अंगावरची उपासमार, भावाबरोबरची पायपीट, हे सगळे त्या दोन शब्दांत बसवले. बघत राहणाऱ्या साक्षीला तिने बोलायला लावले, असे मला वाटते.

पण बोलण्याचा अधिकार तिला होता का? स्मृतिकारांचे साक्षीप्रकरण या बाबतीत अगदी नेटके आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोण साक्षी होऊ शकतो, कोण नाही, याची लांबलचक यादी आहे. स्त्रियांच्या वादात स्त्रिया, द्विजांच्या वादात द्विज, शूद्रांच्या शूद्र, अंत्यजांच्या अंत्यज. एकटा निर्लोभी पुरुष चालेल; बऱ्याच जणी स्त्रिया, त्याही शुद्ध असल्या तरी, चालणार नाहीत, कारण त्यांची बुद्धी स्थिर नसते. म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्याने आपल्या वर्तुळात बोलावे. वर्तुळ ओलांडून वर बोट दाखवणारी साक्ष ग्राह्य नाही. 'अधिकार' हा शब्दही इथलाच. आज आपण 'मानवाधिकार' म्हणतो तेव्हा तो सर्वांचा असे गृहीत धरतो. शास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता: वेदाध्ययनाचा अधिकार, यज्ञाचा अधिकार. काहींना तो नाही हे सांगण्यासाठीच तो शब्द जास्त वापरला गेलेला दिसतो. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले तेव्हा वाद झाला तो या अधिकाराचाच.

आणि 'मानव'? मानव म्हणजे मनूचा. त्याच्या स्मृतीचे दुसरे नाव मानवधर्मशास्त्र. ज्याने साक्षीदारांची चाळणी लावली, त्याचेच नाव 'मानवी हक्क' या शब्दात बसलेले आहे. या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम लिहिले जात होते तेव्हा भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना बदलून 'सर्व मानवप्राणी' अशी करायला लावली. मनूच्या नावावरून आलेला शब्द बाईने बाईसाठी मोकळा करून घेतला, असे मराठीत वाचताना वाटते.

१८८२ हे साल माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यातून दोन साक्षी गेल्या. एक जोतीराव फुल्यांची, लेखी, ऑक्टोबर महिन्यातली. दुसरी रमाबाईंची. नुकत्याच विधवा झालेल्या त्या तरुण बाईने मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर मागितल्या. रमाबाई मराठीत बोलल्या आणि इंग्रजी भाषांतर झाले. म्हणजे आयोगाच्या कागदांत 'एव्हिडन्स' म्हणून नोंदले गेले, ते मुळात मराठी 'साक्ष' होते. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आले. तो तर फिर्यादीचाच लेख आहे. फिर्याद म्हणजे फारसीत आक्रोश. आणि तक्रार म्हणजे अरबीत पुन्हा पुन्हा सांगणे, पुनरुक्ती. ज्याने हा शब्द मराठीत कज्ज्याच्या अर्थी रुजवला त्याला माहीत असावे की गाऱ्हाणे एकदा सांगून कुणी ऐकत नाही.

आणखी मागे गेले तर १८५५. 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एका मुलीचा निबंध छापला गेला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. वय जेमतेम चौदा. मुक्ता आणि मुक्ती, दोन्ही 'मुच्' धातूच्या. प्राकृतात मुक्तचे 'मुक्क' झाले, त्याला 'ल' लागून मराठीत 'मोकळा' आला. मुक्ती परलोकाकडे पाहते. मोकळे आपण अंगणात होतो, केस मोकळे सोडतो, बोलून मोकळे होतो. साक्ष देणारीला 'बोलून मोकळी झाले' असे म्हणताना मी केडगावातच ऐकले आहे.

आता पलीकडच्या बाजूने येऊ. मराठी राज्यातले न्यायाचे कागद उघडले की साक्षीच्या शेजारी 'गोही' भेटतो. फारसी 'गवाह', 'गवाही'. मराठीत गोही आणि ग्वाही. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात खऱ्याखोट्याच्या निवाड्याला बहुमताऐवजी मनाला बोलावले आहे, आणि तिथे त्यांनी 'साक्षी' हा शब्द न घेता 'ग्वाही' घेतला आहे. का घेतला असावा? साक्षी म्हटले असते तर वेदान्तातला तो गप्प पाहणारा आला असता. त्यांना चावडीवर उभे राहून बोलणारा हवा होता. एवढा नेमका शब्द आज मात्र पातळ झाला आहे. 'रस्ता लवकरच पूर्ण होईल अशी ग्वाही दिली' असे वाचतो तेव्हा ग्वाही पुढे होणाऱ्या गोष्टीची असते. जे पाहिले त्याचा शब्द, जे अजून कुणीच पाहिलेले नाही त्याच्यासाठी वापरात आला.

गोतसभेच्या निवाड्याचा कागद म्हणजे 'महजर'. अरबी 'महदर', हजर असण्याची जागा किंवा क्रिया. हजर, हजेरी, हुजूर हे सगळे त्याच मुळाचे. म्हणजे आपल्या 'समक्ष'चा हा अरबी जोडीदार. महजराच्या आरंभी बसलेल्यांची नावे येतात, त्यांना 'हाजिर मजालस' म्हणतात. मजालस हे मजलिसचे अनेकवचन. जलस म्हणजे बसणे. उदासीन अलग बसतो, मजालस एकत्र बसते. या दोन बसण्यांत न्यायाचा फरक सामावलेला आहे. कागदाखाली पाटलाचा नांगर, कारागिरांची आपापली हत्यारे अशा निशाण्या असत. ज्याला लिहिता येत नव्हते त्याचीही साक्ष चित्राने उतरत होती.

या बैठकीत महाराची जागा कुठे होती? शिवेचा तंटा असला की त्याच्याशिवाय चालत नसे. गावाची हद्द कुठून जाते हे त्याला ठाऊक, म्हणून डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन शीव चालून दाखवायला तो पुढे. ज्याची सावली नको, त्याची साक्ष मात्र अखेरची. मला हे वाचताना प्रत्येक वेळी जड जाते. त्याला बावन्न हक्क दिल्याचीही परंपरा आहे. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला दिले अशी कथा. 'हक्क' अरबी, मूळ अर्थ सत्य, खरे. हकीकत त्याच मुळाची. पण वतनी मराठीत हक्क म्हणजे 'हक्क-लाजिमा', जन्माने ठरलेला वाटा. पाटलाचा हक्क पाटलाला, महाराचा महाराला, आणि महाराच्या हक्कात ढोरे ओढणेही आले, शिळी भाकरीही आली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून महार वतनाविरुद्ध विधिमंडळात झगडा मांडला, तो हे हक्क सोडून हक्क मिळवण्याचा झगडा होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. 'मानवी हक्क' हा शब्द त्यानंतरच मराठीत खरा झाला असावा. आणि मराठीने इथे 'अधिकारा'पेक्षा 'हक्क' जास्त जवळचा केला, याचे मला बरे वाटते. अधिकाराला पात्रतेचा वास आहे. हक्काच्या पोटात 'खरे' आहे.

अमृतनाकातला 'नाक' पुन्हा भेटतो तो भीमेकाठी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा कोरेगावावरून खाली शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून वाहत जाते. कोरेगाव शिरूर तालुक्यात. पेरण्याचा जयस्तंभ पलीकडे, हवेलीत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांत 'नाक'ने संपणारी नावे बरीच आहेत. हा 'नाक' नायकावरून आला असावा असे काही म्हणतात, काही नागाकडे बोट दाखवतात. जुन्या कोरीव लेखांत 'नाक' हा नावाचा शेवट दिसतो, एवढे मात्र खरे. महजराखाली महाराची निशाणी असे, दगडावर त्याचे नाव आले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले, ते ही नावे वाचायला गेले असे मी समजतो. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ज्या ग्रंथात अंत्यजाची साक्ष अंत्यजापुरती ठेवली होती तोच ग्रंथ.

दर १ जानेवारीला तिथे गाणी होतात, पुस्तके विकली जातात. गाणाऱ्यांना आपण शाहीर म्हणतो. या शब्दाचा शाहाशी संबंध नाही. तो अरबी 'शाइर'. त्यातला घशातला 'ऐन' मराठी तोंडाला जमेना, तेव्हा मध्ये 'ह' आला. 'शअर' धातूचा अर्थ जाणणे, जाणवणे. शाइर म्हणजे ज्याला जाणवते तो. आपल्याकडे 'कवी' हाही मुळात द्रष्टा. पाहणारा साक्षी, जाणणारा शाहीर, दूरचे पाहणारा कवी: दोन भाषांनी तीन वेळा एकाच जागी बोट ठेवले आहे.

शाहिरांचा जलसा. सत्यशोधकांनी जलसे उभे केले, मग आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांचा जलसा १९३१ च्या आसपासचा. जलसा म्हणजे बैठक; 'हाजिर मजालस'मधल्या मजालसचेच मूळ. गोतसभेच्या बैठकीत ज्यांना कडेला बसवले त्यांनी दोनशे वर्षांनी स्वतःची बैठक घातली आणि तिला त्याच धातूचे नाव राहिले. हे कुणी ठरवून केले नसेल. गाण्याच्या मैफलीलाही जलसा म्हणत, तिथून हा शब्द आला असावा. पण मूळ शोधणाऱ्याला अशा भेटीतच आनंद असतो. जलशात गण, संवाद, वग. गावात पाणवठ्यावर काय घडले ते नाव घेऊन सांगत. तो महजरच असे, फक्त डफावर वाचलेला.

'एल्गार' हा शब्दही कोरेगाव परिसराशी जोडला गेला आहे. तुर्की मुळाचा, फारसीतून आलेला. घोडदळाची वेगवान चाल, धाड. सुरेश भटांनी १९८३ साली आपल्या संग्रहाला हे नाव दिले आणि फौजेचा शब्द कवितेचा झाला. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा परिसरात हिंसा झाली. परिषदेवरून जो खटला उभा राहिला त्यात कबीर कला मंचाचे कलावंतही आरोपी आहेत. हिंसेच्या चौकशीसाठी २०१८ साली न्या. जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला आणि त्याच्यापुढे वर्षानुवर्षे साक्षी होत राहिल्या. आयोगाला साक्षीचे काय करायचे ते करू द्यावे. शब्दाच्या वाटेवर माझे लक्ष गेले ते मंचाच्या नावातल्या कबीराकडे.

कारण कबीराचे दोहे म्हणजे 'साखी'. आणि साखी म्हणजे साक्षीच. क्षचा प्राकृतात क्ख झाला, सक्खी, मग साखी. कबीराने दोह्याला साक्ष म्हटले: मी पाहिले ते सांगतो, पोथीत लिहिलेले नव्हे. बाजारातली पत म्हणजे हिंदीत 'साख', तीही याच घरातली असावी. ज्याचा शब्द साक्षीसारखा खरा, त्याची साख. मराठीत ही साखी आली का? आली, पण ओळखू येत नाही. मराठीला क्षचा ख झाल्यावर त्यातला महाप्राण टाकून देण्याची खोड आहे. भिक्षेची भीक झाली, बुभुक्षेची भूक, शिक्षणाचे शिकणे. तशी साखीची 'साकी' झाली असावी. कीर्तनात साकी म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मध्ये दिंडीच्या शेजारी साकी आहे. मोजक्या मात्रांची, चटकन पाठ होणारी, गोष्ट पुढे नेणारी चाल. पुढे फारसी गझलेतला 'साकी', प्याला भरून देणारा, मराठीत आला, आणि तो पाणी पाजण्याच्या अरबी धातूचा, पूर्णपणे परका. दोघे एकाच उच्चाराखाली राहू लागले आणि साक्ष देणारी साकी प्याल्यामागे दिसेनाशी झाली. साकीचा उगम साखीत मानायला छंदःशास्त्रज्ञ तयार होतील की नाही ते त्यांनी ठरवावे. मला ध्वनीचा पुरावा पुरेसा वाटतो.

केडगावहून चौफुल्याला आले की संगीतबारीची कला केंद्रे लागतात. रात्री ढोलकी वाजते. इथल्या बायकांच्या लावणीबद्दल लिहिणारे पुष्कळ. त्यांच्या मुलांबद्दल लिहिणारे फार थोडे. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले तेव्हा पहिल्यांदा आतून कुणी बोलले. आईचे नाव मधे लावून. त्याआधी दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' त्या दशकातले. समीक्षकांनी या पुस्तकांना 'आत्मचरित्र' न म्हणता 'आत्मकथन' म्हटले. शब्द बदलला ते योग्यच झाले. चरित्रात 'चर्' आहे, चालणे, आपण कसे वागलो ते. कथनात सांगणे आहे, आणि सांगायला समोर कुणी बसलेले लागते. मला विचाराल तर त्यांना तिसरा शब्द शोभला असता, आणि तो रमाबाईंनी आधीच वापरून ठेवला होता.

त्यांनी तो आणला कुठून? ग्रीकमध्ये साक्षीदाराला 'मार्तुस'. आरंभीचे ख्रिस्ती पाहिलेले सांगत राहिले, सांगितल्याबद्दल मारले गेले, आणि मार्तुसचा अर्थ हळूहळू 'धर्मासाठी मरणारा' असा झाला. इंग्रजी 'मार्टर' तोच. अरबीत हेच घडले. 'शाहिद' साक्षीदार, 'शहीद' प्राण देणारा, धातू एक. मराठीत साक्षीने हा प्रवास केला नाही. मरणाऱ्यासाठी आपण हुतात्मा वेगळा घेतला आणि साक्षीला जिवंत ठेवले. ती बोलते आणि पुन्हा खाली बसते, केडगावातल्या त्या बाईंसारखी. बायबलाच्या भाषांतरासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेव्हा 'मार्तुस' त्यांच्यापुढे शेकडो वेळा आला असणार, आणि त्याच्या मागे लपलेले मरणही. तरी त्यांच्या पुस्तकाच्या नावावर मरणाची छाया नाही.

त्या भाषांतरावर त्यांची आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे गेली. कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. छापखाना मुक्तीतलाच. दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे खिळे जुळवत, कागद चालवत, पुस्तके बांधत. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई यांनी ब्रेल शिकून घेतली होती. आंधळ्या मुलींना बार्तमी सदनात ती शिकवली जाई. अक्षि नसलेल्या त्या मुली बोटांनी साक्षर झाल्या आणि उभे राहून साक्ष देऊ लागल्या.

खिळे उलटे असतात. जुळवणारीला शब्द आरशातल्यासारखा वाचावा लागतो. 'साक्ष'ला तीन खिळे लागत असावेत: स, काना आणि क्षचा जोडखिळा, जो खणात वेगळा ठेवलेला असे. जिच्या साक्षीला स्मृतीत जागा नव्हती अशा कुणा मुलीने तो खणातून शोधून काढला, काडीत बसवला आणि पुढच्या शब्दाकडे वळली.